फिर्याद एक, चौकशी भलतीचीच

अमेरिकेतील निवडणुकांच्या व्यासपीठांवर वंशभेदाचा प्रश्न निघाला, की अमुक उमेदवाराच्या मनात कृष्णवर्णीयांविषयी आकस आहे किंवा नाही याची चौकशी मोठ्या आवेशाने चालते. परंतु शासनाने स्वतःच्या शिक्कामोर्तबानिशी जे केले, त्याचे दप्तर मात्र क्वचितच उघडले जाते. अंतःकरणाची झडती दोन्ही पक्षांना सोयीची असते, कारण तीत पुरावा कोणालाच द्यावा लागत नाही.

वस्तुतः ते दप्तर चांगले जाडजूड आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या संघराज्याच्या गृहनिर्माण खात्याने घरकर्जांना सरकारी हमी देण्यास आरंभ केला आणि सामान्य गोऱ्या नोकरदारास स्वतःचे घर आवाक्यात आले. पण जेथे कृष्णवर्णीय राहत, त्या भागास ही हमी सहसा मिळत नसे, आणि हे एखाद्या कारकुनाच्या लहरीने नव्हे, तर खात्याच्या लेखी धोरणाने घडत असे. न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन ही हजारो घरांची वसाहत याच हमीच्या आधारे उभी राहिली, आणि तेथील करारपत्रांत गौरवर्णीयांवाचून कोणीही त्या वास्तूत राहू नये असे कलम होते, घरगड्यांपुरती मुभा ठेवून! त्या घरांचे मोल वाढत गेले, त्यांच्या बळावर मुलांची शिक्षणे झाली, वृद्धापकाळाची तरतूद झाली. आणि अमेरिकेतील शाळांचा खर्च पुष्कळ अंशी स्थानिक मालमत्ताकरातून भागत असल्यामुळे, ज्या वस्तीस कर्ज नाकारले गेले तिची शाळाही निर्धनच राहिली. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील हा भेद निषिद्ध ठरवला खरा. पण तोवर एका अख्ख्या पिढीची मिळकत एकांगी उभी राहून गेली होती.

या हानीची भरपाई हाच विद्यापीठांतील राखीव प्रवेशांमागचा मूळ दावा होता, आणि तो बाजूस पडण्याचा दोष केवळ प्रतिपक्षावर ढकलता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखून ठेवल्या असता, सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या निकालात न्यायमूर्ती पॉवेल यांनी सामाजिक अन्यायाची भरपाई हे कारण अमान्य केले आणि वर्गातील विविधता शिक्षणास हितावह असते, एवढीच सबब ग्राह्य धरली. पुढील पंचेचाळीस वर्षे न्यायाचे कैवारी याच सबबीवर विसंबून राहिले, आणि ज्याचे देणे थकले होते तो हळूहळू इतरांच्या शिक्षणास शोभा आणणारा पाहुणा ठरला. अखेर जून २०२३ मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तोही आधार काढून घेतला.

या वादात न्यायमूर्ती हार्लन यांचे १८९६ मधील भिन्नमत वारंवार पुढे केले जाते. राज्यघटना वर्ण पाहत नाही, असे त्यांनी लिहिले ते लुइझियानातील आगगाडीचे डबे वर्णावरून वेगळे करणाऱ्या कायद्याविरुद्ध. आज तेच वचन त्या वेगळेपणाची फळे निस्तरण्याच्या प्रत्येक उपायाविरुद्ध वापरले जाते. त्याच भिन्नमतात गोऱ्या वंशाचे वर्चस्व पुढेही टिकेल अशी निश्चिंत ग्वाही आहे, ती मात्र सभांतून कोणी वाचून दाखवीत नाही.

न्यू जर्सीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी हा वाद परक्याचा मानण्याचे कारण नाही. १९२३ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने भारतातून गेलेल्या भगतसिंग थिंद यांना, ते 'गोरे' ठरत नाहीत म्हणून, नागरिकत्वास अपात्र ठरवले होते. पुढे १९६५ मध्ये राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत रद्द झाली आणि आपल्याकडील अभियंते व डॉक्टर मोठ्या संख्येने तेथे जाऊ शकले, ते कृष्णवर्णीयांच्या ज्या नागरी हक्क चळवळीने देशाचे मन वळवले तिच्याच लाटेत. आता त्यांच्यापैकी काही जण केवळ गुणवत्तेचा पुकारा करतात, तेव्हा घरांच्या त्या करारपत्रांविषयी त्यांचे म्हणणे काय आहे, हे त्यांना कोणी तरी विचारावयास हवे.