ज्याचे घर, त्यालाच वार्ता नाही!

शनिवार पेठेत मोडकळीस आलेले जुने वाडे आजही उभे आहेत. मालक एक, बिऱ्हाडे अनेक, आणि त्यांतील कित्येक तीन-तीन पिढ्यांची. अशा एखाद्या वाड्याच्या दारावर महानगरपालिकेची नोटीस लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकाम उतरवण्याची, नाहीतर कलम २६८ खाली ते रिकामे करण्याची. नोटिशीची अंमलबजावणी होत नाही म्हणून मालक मुंबईस उच्च न्यायालयात धाव घेतो. राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली अर्ज दाखल होतो. प्रतिवादी दोनच, शासन आणि महानगरपालिका. पालिका स्वतःच्या नोटिशीला विरोध तरी का करील? आदेश होतो, आणि ज्यांचे छप्पर जाणार त्यांना तो कळतो पोलीस दारात उभे राहिल्यावर!

उलटही घडते. एखादा भाडेकरू मालकाचे नाव वगळून केवळ पालिकेविरुद्ध स्थगिती मिळवतो, आणि कललेली भिंत शेजाऱ्याच्या लेकरांच्या डोक्यावर तशीच झुकलेली राहते. दोन्ही प्रकारांत वाद वरवर शासनाशी असतो. खरा तंटा खाजगी मालमत्तेचा, आणि त्यातील खरा प्रतिपक्षी न्यायालयाच्या उंबऱ्याबाहेर. दिवाणी दाव्यात ज्याला टाळता आले नसते, त्याला या आडवाटेने टाळले जाते. याला चातुर्य म्हणणारे म्हणोत, मी त्याला लबाडी म्हणतो.

याच पेठेतील शनिवारवाड्यातून राज्य चालत होते त्या काळी वतनाचा तंटा मजलशीपुढे येई. अग्रवादी आणि पश्चिमवादी दोघेही समक्ष उभे राहत, गावचे गोत जमे, आणि झाल्या निवाड्याचा महजर सर्वांच्या साक्षीने लिहिला जाई. पेशवाईच्या न्यायाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तापल्या तेलातून रवा काढण्याचे दिव्य हाही तिथे पुरावाच होता. परंतु प्रतिपक्षी हजर असावा एवढे तरी त्या काळी ठाऊक होते. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाने डॉ. बेंटली यांच्या पदव्या त्यांचे म्हणणे न ऐकताच काढून घेतल्या, त्या प्रकरणात १७२३ साली न्यायमूर्तींनी उत्पत्तीच्या पुस्तकाचा दाखला दिला. आदामाला शिक्षा करण्यापूर्वी परमेश्वरानेही त्याला हाक मारून जाब विचारला होता. सर्वज्ञाला विचारण्याची गरज नव्हती, तरी त्याने विचारले. आमच्या वकिलांना मात्र ती गरज भासत नाही.

कायदा मुका आहे असेही नाही. पंजाबातील एका जमिनीचे वाटप, ज्याला ती मिळाली होती त्याला पक्षकार न करताच, उच्च न्यायालयात रद्द झाले. तो स्वतंत्र अर्ज घेऊन आला, तेव्हा उच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा उघडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली, शिवदेव सिंग प्रकरणात, ते योग्य ठरविले. पुढच्याच वर्षी, उदित नारायण सिंग प्रकरणात, ज्याच्या बाजूने मूळ आदेश झाला तो आवश्यक पक्षकार असून त्याच्याविना अर्ज टिकत नाही, असा निर्वाळा मिळाला. बाधितांची संख्या फार मोठी असेल, तर निदान काहींना प्रातिनिधिक म्हणून बोलवावे, हे १९८४ साली उत्तर प्रदेशातील शिक्षकांच्या प्रकरणात सांगितले गेले. पंचवीस बिऱ्हाडांच्या वाड्याला आणखी काय हवे?

विलंब होईल, अशी हरकत घेतली जाते. होईल, पण मागाहून आदेश फिरवण्यात त्याहून अधिक विलंब होतो. बाधिताने स्वतःच अर्ज करून यावे, असेही सुचविले जाते. ज्याला खटल्याची वार्ताच नाही तो येईल कसा? कोल्हापूरला २०२५ साली सर्किट खंडपीठ सुरू झाले, तरी पुणे जिल्हा त्याच्या कक्षेत नाही; पेठेतल्या म्हाताऱ्याला मुंबईचीच गाडी धरावी लागते. ते ओझे अर्जदाराने वाहावे.

सर्वांनाच आत घ्यावे असे मात्र नव्हे. मुंबईच्या एका पेट्रोल पंपावरील बांधकामाच्या दाव्यात तेल कंपनीला पक्षकार करणे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली अमान्य केले. निकालात रस असणे पुरेसे नाही. स्वतःचा प्रत्यक्ष कायदेशीर हक्क गुंतलेला असावा लागतो. तसेच, जमिनीच्या तंट्यात निकाल देणाऱ्या न्यायाधीशालाच प्रतिवादी करण्याच्या खोडीवर १९९९ साली याच न्यायालयाने नापसंती व्यक्त केली. ज्याला बोलवू नये त्याला बोलवायचे, आणि ज्याला बोलवावे त्याला वगळायचे, असा हा उफराटा कारभार.

आणि वाचकहो, बोट केवळ पेठेकडे दाखवून आपली सुटका नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार आपल्या मुलामुलींचा वाटा समान आहे. तरी वडील वारल्यावर मिळकत पत्रिकेवर भाऊ आपलीच नावे लावतात, नोंदीचा वाद अपिलांतून उच्च न्यायालयापर्यंत जातो, आणि लग्न होऊन वसईस किंवा नगरला गेलेल्या बहिणीचे नाव एकाही कागदावर नसते. जागेत कोण राहते, वारस कोण, भाडेकरू कोण, याची शपथपूर्वक यादी जोडल्याखेरीज मालमत्तेच्या वादातील असा अर्ज न्यायालयाने दाखलच करून घेऊ नये. आणि नोटीस मराठीतून वाड्याच्या दारावर लावावी. यादीत खोटे आढळले, तर मिळालेली स्थगिती त्याच दिवशी उठवावी.