कुंडीतले औषध, विसरलेली मात्रा

आजीच्या परसात अडुळसा होता, कोरफड होती, वेखंडही होते. त्यांच्यासोबत एक अलिखित शास्त्र होते : कोणते पान, किती, कुणाला आणि किती दिवस. आज आपल्या गॅलरीतील कुंड्यांत वनस्पती परतल्या आहेत. ते शास्त्र मात्र परतलेले नाही.

२०२०च्या साथीत गुळवेलीचे काढे घरोघरी उकळू लागले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने गुळवेलीवरचा ठपका अमान्य केला आणि तिच्यासारखीच दिसणारी, खोडावर बारीक गाठी असलेली दुसरी वेल वापरली गेली असावी, अशी शक्यता मांडली. हा वाद कसाही सुटो. आपल्या कुंडीतील वेल नेमकी कोणती, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

‘झाडपाला तो, त्याचा अपाय कसला?’ हा प्रश्न मला परंपरेचा वाटत नाही. परंपरेपाशी ‘मात्रा’ हा शब्द होता. कोरफडीचा गर वेगळा आणि सालीलगतचा पिवळा, रेचक चीक वेगळा, हे ती जाणत होती. अडुळशातील व्हॅसिसिनवरून आधुनिक वैद्यकाने कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन घडवले. वनस्पतीत गुण आहे तो असा. आणि ज्यात गुण आहे, त्यात अपायाचे सामर्थ्यही असतेच.

कुंड्या अवश्य लावाव्यात. मात्र रोपासोबत त्याची ओळख आणि मर्यादाही घरात आणाव्यात. जाणकाराला विचारण्यात कमीपणा नाही. आजीही वैद्यांना विचारीत असे.