इशारा मिळाला, पुढे काय?

अमेरिकेत मुले-नातवंडे असलेली घरे आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तिकडच्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की इथले आजोबा आधी गावाचे नाव पाहतात. मग नेहमीचा प्रश्न निघतो: पोरगा इंटरनेटवर इतके उघड लिहीत होता, तर कुणालाच कसे कळले नाही?

कळले होते, हेच त्यातले भयंकर. फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये, शाळेत गोळ्या घालणे हाच आपला पेशा होणार, अशा अर्थाचे वाक्य यूट्यूबवर उमटले होते. मिसिसिपीतल्या एका गृहस्थाने ते एफबीआयला कळवले. लिहिणाऱ्याने नावदेखील लपवले नव्हते. तरी तो कोण हे ठरेना, म्हणून प्रकरण मिटले. ५ जानेवारी २०१८ ला त्याला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीने फोन करून त्याच्या बंदुका, त्याचा संताप, त्याचे इंटरनेटवरचे लिखाण, सारे सांगितले. ती माहिती मायामीच्या कार्यालयाकडे गेलीच नाही. पीडित कुटुंबांना सरकारने २०२२ मध्ये १२ कोटी ७५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

माझी हयात बँकेत गेली. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवणे सोपे असते. पलीकडच्या टेबलावर तो वाचून हालचाल करणारा माणूस असेल तरच त्या कागदाला किंमत. शिवाय दिसेल त्या रकमेवर संशय घेऊ लागले, तर खरा चोर त्या ढिगाखाली सुखाने नांदतो. म्हणूनच मुलांची ओळ न् ओळ यंत्राने चाळावी, हे मला पटत नाही. पोरे वात्रट लिहितातच. त्यातले वात्रट कोणते आणि विषारी कोणते, हे शेजारच्या बाकावरच्या मुलाला आधी कळते. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने वेळीच उधळल्या गेलेल्या ६७ कटांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथेही कुणीतरी, पुष्कळदा सोबतच्या विद्यार्थ्यानेच, पाहिले आणि सांगितले होते. कोलंबाइनच्या १९९९ च्या हत्याकांडानंतर कोलोरॅडोत २००४ साली निनावी कळवण्याची सोय झाली, ती याच भरवशावर. (आपल्याकडे मात्र असल्या सांगण्याला चहाडी म्हणतात.)

पण सांगून झाल्यावर बंदूक घरातच राहिली तर? ज्यॉर्जियात २०२३ मध्ये डिस्कॉर्डवरच्या धमकीवरून पोलीस १३ वर्षांच्या एका मुलाच्या दारी गेले. त्याने कानांवर हात ठेवले; बंदुका त्याच्या हाती मोकळ्या लागत नाहीत, असे बापाने सांगितले. पोलीस परतले. त्याच वर्षी नाताळात मुलाला रायफल भेट दिल्याचे पुढे बापानेच तपास अधिकाऱ्यांना सांगितले. ४ सप्टेंबर २०२४ ला अपालाची हायस्कूलमध्ये ४ जण गेले, आणि आरोप त्याच मुलावर आला.

पार्कलंडनंतर महिन्याभरातच फ्लोरिडाने कायदा केला होता: पोलिसांनी अर्ज करावा, न्यायाधीशाने पुरावा पाहून धोकादायक माणसाची शस्त्रे काही काळ काढून घ्यावीत. ज्यॉर्जियात असा कायदा नव्हता. दारात उभ्या असलेल्या पोलिसाला प्रश्न विचारता येत होते, बंदुका नीट कुलपात ठेवा असे बजावता येत होते, आणि मग गाडीत बसून परत जाता येत होते.