कीथच्या नशेचे किस्से आता पुरेत

रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या कीथ रिचर्ड्सचा विषय निघाला की गिटारची गोष्ट सर्वांत शेवटी येते. आधी येतात ते किस्से. किती हेरॉइन पचवलं, किती रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, कितीदा मरता मरता वाचला. जगबुडी झाली तरी कीथ उरेल, हा विनोद तर आता तीन पिढ्या ऐकत आल्या आहेत. मला त्यावर कधीच हसू आलं नाही. त्या विनोदात जे उरले नाहीत त्यांची आठवण कुणी ठेवत नाही.

मुळात हा माणूस बंडखोर झाला तो नशेमुळे नव्हे. 1943 साली डार्टफर्डमध्ये जन्मलेला कीथ शाळेच्या गायकवृंदात होता. आवाज इतका गोड की वेस्टमिन्स्टर ॲबीत राणीसमोर गायला. मग वयात येताना आवाज फुटला आणि वृंदातून त्याची रवानगी झाली. वर गाण्यापायी अभ्यास बुडाला म्हणून ते वर्ष पुन्हा करायला लावलं. सत्तेवरचा आपला राग तिथे सुरू झाला, असं तो ‘लाइफ’ या 2010च्या आत्मचरित्रात सांगतो, आणि मला ते पूर्ण पटतं. शाळेने झिडकारलेल्या या पोराच्या हाती गिटार आली ती आजोबांमुळे. आईचे वडील गस ड्युप्री स्वतः वाजवणारे. नातवाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ते गिटार ठेवत आणि त्याची ओढ वाढू देत.

1967 साली त्याच्या ससेक्समधल्या घरावर पोलिसांची धाड पडली. घरात गांजा-चरस ओढू दिल्याबद्दल कोर्टाने एक वर्षाची कैद ठोठावली. बँडचा गायक मिक जॅगर यालाही शिक्षा झाली, आणि लंडनच्या ‘टाइम्स’सारख्या सनातनी दैनिकाचे संपादक विल्यम रीस-मॉग यांनी त्या शिक्षेविरुद्ध अग्रलेख लिहिला. अपिलात कीथ सुटला. त्या खटल्यात मी आजही त्याच्याच बाजूने उभा राहीन. तरुणांच्या एका अख्ख्या पिढीला धाक बसवण्यासाठी दोन गायक-वादक निवडले गेले होते.

खरं बंड मात्र त्याच्या गिटारवर झालं. 1968च्या सुमारास त्याने ओपन जी ट्यूनिंग आपलंसं केलं. ते त्याने शोधलेलं नव्हे. बँजो वाजवणारे आणि अमेरिकेच्या दक्षिणेतले ब्लूजचे कृष्णवर्णीय वादक ते कधीपासून वापरत होते. राय कूडरसारख्या वादकाकडूनही त्याने उचललं. कीथने सहावी, सर्वांत खर्जातली तार काढूनच टाकली. उरल्या पाच. जीला षड्ज मानलं तर त्या तारा सा-प-सा-ग-प अशा लागतात. बोट न ठेवता हात फिरवला तरी सगळं सुरात, आणि कित्येक कॉर्ड धरताना मागे षड्ज-पंचम तंबोऱ्यासारखे घुमत राहतात. ‘हॉन्की टॉन्क विमेन’ किंवा ‘स्टार्ट मी अप’ची सुरुवात ऐका. सूर मोजकेच आहेत आणि दोन सुरांमधली जागा त्याने किती हिमतीने मोकळी सोडली आहे! जुन्या रेकॉर्डी पुन्हापुन्हा ऐकल्याशिवाय हे येत नाही. हा रियाझ आहे.

यावर, नशेतूनही मोठं संगीत येतं म्हणत, कुणी बँडच्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ या अल्बमचं नाव घेईल. फ्रान्सच्या किनाऱ्यावर, कीथने भाड्याने घेतलेल्या नेलकोट या बंगल्याच्या कोंदट तळघरात 1971च्या उन्हाळ्यात त्यातलं बरंच काम झालं, आणि घरात हेरॉइन होतंच. अल्बम महान आहे, वाद नाही. पण मुलाला झोपवून येतो म्हणून कीथ वर जायचा आणि तासन्‌तास खाली यायचाच नाही. बाकीचे वाट बघत बसायचे. हेरॉइनने त्या अल्बमला काय दिलं हे मला दिसत नाही. ते तास मात्र नक्की नेले.

त्याच मुलाबद्दल, मार्लनबद्दल, मला अधिक लिहावंसं वाटतं. 1976च्या युरोप दौऱ्यात सहा-सात वर्षांचा मार्लन बापाबरोबर फिरत होता. गाडीत नकाशा बघून रस्ता सांगायचा. कीथ उशाला पिस्तूल घेऊन झोपे, म्हणून कार्यक्रमाआधी त्याला उठवायचं काम याच पोराकडे. त्याच दौऱ्यात पॅरिसमध्ये असताना बातमी आली की दोन महिन्यांचा धाकटा मुलगा तारा गेला. कीथ त्या रात्री स्टेजवर वाजवायला उभा राहिला. तान्ह्या बाळाला सोडून गेल्याबद्दल आपण स्वतःला माफ करू शकत नाही, असं त्याने पुढे लिहिलं. किस्से रंगवणारे हे पान सहसा उघडत नाहीत. अनिल अवचटांचं ‘गर्द’ वाचलेल्या मराठी वाचकाने तरी ते उघडावं. व्यसनी माणसाच्या घरात लहान मूल कसं अकाली मोठं होतं, हे आपल्याला नवं नाही.

1977च्या फेब्रुवारीत टोरांटोच्या हॉटेलात पोलिसांना त्याच्याकडे 22 ग्रॅम हेरॉइन सापडलं. आरोप विक्रीसाठी बाळगल्याचा, म्हणजे जन्मठेपेपर्यंतची टांगती तलवार. 1978च्या ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी कैद टाळली, उपचार चालू ठेवायला सांगितलं आणि अंधांच्या संस्थेसाठी कार्यक्रम करण्याचा आदेश दिला. 1979च्या एप्रिलमध्ये ओशावा इथे तो कार्यक्रम झाला. निकाल मला योग्यच वाटतो. व्यसनी माणसाला कोठडीपेक्षा उपचार हवेत. पण महागडे वकील आणि जगभरचं नाव पाठीशी नसलेल्या किती तरुणांना ही दया मिळाली असती? कीथ वाचला तो लोखंडी शरीरामुळे, असं म्हणणाऱ्यांनी पैशाचा हा वाटाही सांगावा. आणि सगळेच वाचले नाहीत. त्याचा जिवलग मित्र ग्रॅम पार्सन्स 1973 साली वयाच्या सव्विसाव्या वर्षीच गेला होता.

टोरांटोनंतर त्याने हेरॉइन सोडलं. मुंबईत 2003 साली ब्रेबर्न स्टेडियमवर स्टोन्स वाजले तेव्हा ते सोडून जवळपास पंचवीस वर्षं झाली होती. 2023 साली ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम आला तेव्हा पंचेचाळीस. आता बोटांत संधिवात आहे. जुन्या पद्धतीने हात चालत नाही, मग गिटारच दुसरी वाट दाखवते, असं तो सांगतो. ऐंशीच्या घरात पुन्हा शिकायला बसलेला हा वादक मला पिस्तूलवाल्या कीथपेक्षा कितीतरी धाडसी वाटतो. त्या अल्बमच्या शेवटी दोघंच आहेत, मिक आणि कीथ, आणि गाणं आहे ब्लूजगायक मडी वॉटर्सचं, ज्यावरून बँडला नाव मिळालं. त्यातली गिटार ऐका.