उघडेल त्याचे यंत्र



हप्ते फिटले, बोजा उतरला, नोंदणी पुस्तकावर आपले नाव आले, की ट्रॅक्टर आपला झाला असे आपण धरून चालतो. मग एखाद्या मृगात, वाफसा निघून चाललेला असताना, मशीन बांधावर उभे राहते. तालुक्याचा मिस्त्री बोनेट उघडून बघतो आणि म्हणतो, "हे आपल्याकडे होत नाही. कंपनीचा माणूस बोलवा." कंपनीचा माणूस चार दिवसांनी येतो. तोवर शेजाऱ्याची पऱ्हाटी दोन पानांवर आलेली असते. ट्रॅक्टर नक्की कोणाचा, हा प्रश्न त्या चार दिवसांत पडतो.

"कसेल त्याची जमीन" असे या देशाने फार पूर्वी म्हणून ठेवले. जमीन कसायच्या हत्याराबद्दल मात्र कोणी काही बोलले नाही. त्याबद्दल बोलण्यासाठी आज एका परक्या मुलखातल्या जुन्या, लहानशा यंत्राची गोष्ट सांगायची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर एक-दोन एकरांच्या तुकड्यावर घर बांधून राहणारांची संख्या वाढली. गवत कापायचे, थोडा भाजीपाला करायचा. त्यांच्यासाठी कंपन्यांनी लहान यंत्रे काढली. त्यांना तिकडे गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीचे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. १९६३ मध्ये महिंद्रने तिच्याच भागीदारीत ट्रॅक्टर बांधायला घेतले, आणि आपल्या गावागावांत फिरलेला लाल बी-२७५ त्याच घराण्यातला. या कंपनीने १९४७ मध्ये 'फार्मल कब' नावाचा लहान ट्रॅक्टर आणला आणि १९६१ मध्ये त्याच्याही खालचा 'कब कॅडेट' आणला. त्याला एका सिलिंडरचे सात अश्वशक्तीचे कोहलर इंजिन होते. पुढे दहा, बारा, चौदा अश्वशक्तीचीही मॉडेल निघाली. मागचा गिअरबॉक्स ओतीव लोखंडाचा, मोठ्या भावाच्या, म्हणजे फार्मल कबच्या धाटणीवर बेतलेला.

१९८१ मध्ये कंपनीने हा लहान ट्रॅक्टरांचा धंदा विकून टाकला. १९८५ मध्ये कंपनीचा शेतीयंत्रांचा विभागही दुसऱ्या कंपनीत गेला. मूळ मालक राहिला नाही, यंत्रे राहिली. साठ वर्षे वयाचे हे ट्रॅक्टर लोक भंगारातून, गोठ्यातून ओढून काढतात, घरी उघडतात, बांधतात आणि नांगराला जुंपतात. वर्षातून एखादा दिवस ठरवून एका शेतात जमतात आणि सगळे मिळून ते शेत नांगरतात. हौसेचे काम आहे, पोटाचे नाही. तरी ही हौस शक्य का होते, हे पोटासाठी नांगरणाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

पहिले कारण म्हणजे यंत्र उघडते. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. सिलिंडर झिजला तर लेथवर नेऊन १० हजारांश इंचाने बोअर वाढवायचा आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. पुन्हा झिजला तर २०, मग ३०. म्हणजे एक ब्लॉक तीनदा नवा होतो. ठिणगीसाठी पॉइंट आणि कंडेन्सर. बिघाड डोळ्यांना दिसतो. प्रत्येक बोल्टाला पाना लागतो आणि पुस्तकात प्रत्येक भागाचे चित्र व नंबर छापलेला आहे. कंपनी गेली तरी ज्ञान मागे राहिले, म्हणून यंत्र जगले.

दुसरे कारण नांगरटीच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब अमेरिकेत आणि अकोल्यात एकच आहे. दहा इंची फाळ सहा इंच खोल घातला तर मातीचा साधारण २५ बाय १५ सेंटीमीटरचा पट्टा कापला जातो. मध्यम जमिनीत दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो ओढ धरली तर नांगर सुमारे १९० किलोने मागे ओढतो. ताशी चार किलोमीटर चालीने हे ओझे ओढायला पावणेतीन अश्वशक्ती पुरते. बारा अश्वशक्तीच्या इंजिनाला हे काहीच नाही.

मग हा ट्रॅक्टर नांगर लावला की जागेवर चाके का फिरवतो? कारण शक्ती कमी नसते, पकड कमी असते. ट्रॅक्टर सव्वातीनशे किलोचा, चालक सत्तरचा. त्यातले मागच्या चाकांवर येते पावणेतीनशे. मातीवर रबराची पकड मागच्या वजनाच्या निम्मी धरा, म्हणजे १३५ किलो. पाहिजेत १९०. म्हणून जाणकार माणूस आधी इंजिनाला हात लावत नाही. तो गवतावर चालणारे गुळगुळीत टायर काढून खाचांचे टायर घालतो, चाकांना ओतीव लोखंडाची वजने बांधतो, साखळ्या चढवतो, टायरमध्ये पाणी भरतो. तिकडे बर्फ पडतो म्हणून त्या पाण्यात कॅल्शियम क्लोराईडचे मीठ घालतात, आणि त्याने रिम सडते. आपल्याकडे साधे पाणी चालते. शंभर किलो असे वाढले की हिशेब जेमतेम जुळतो आणि नांगर चालू लागतो.

आणखी एक बारकावा. नांगरताना उजवी चाके तासात उतरतात आणि ट्रॅक्टर कलतो. भार तासातल्या चाकावर जातो, वरचे डावे चाक हलके होते आणि तेच फिरत राहते. म्हणून डाव्या चाकावर थोडे जास्त वजन बांधतात, आणि नांगर ट्रॅक्टरच्या कलाप्रमाणे न ठेवता जमिनीशी सरळ लावतात. नांगर ओढण्याची जागा मागच्या आसाच्या खालीच ठेवतात. ती आसाच्या वर घेतली आणि फाळ मुळात किंवा दगडात अडकला, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो. ही गोष्ट प्रत्येक वेल्डरने आपल्या भिंतीवर लिहून ठेवावी.

फसतो तो मोठे इंजिन बसवणारा. बारा अश्वशक्तीसाठी घडवलेल्या गिअरबॉक्सवर पंचवीसचे इंजिन ठेवले की पकड वाढत नाही, दात मात्र तुटतात. यंत्र सुधारायचे तर ते कुठे कमी पडते हे आधी मोजावे लागते. न मोजता केलेली सुधारणा म्हणजे दुसऱ्यांदा केलेला खर्च.

आता हा हिशेब आपल्या काळ्या रानात लावून बघू. भारी जमिनीत ओढ दर चौरस सेंटीमीटरला एक किलो धरली तर तोच फाळ पावणेचारशे किलो मागतो. त्यासाठी मागच्या चाकांवर साडेसातशे किलो पाहिजेत. एवढे ओझे असल्या लहान यंत्राचा आस पेलणार नाही. बैलजोडी सतत कामात आपल्या वजनाच्या एक दशांश ओढते. आठशे किलोची जोडी ऐंशी किलो. म्हणूनच हराळी काढायला आपल्या आजा-पणजांनी एका नांगराला तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपल्या. तेव्हा कोणी लहान ट्रॅक्टर दाखवून "भारी जमिनीत खोल नांगरट करतो" म्हणाला, तर त्याला वजन विचारा, अश्वशक्ती नंतर विचारा. खोल नांगरट दोन-तीन वर्षांतून एकदा भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने करून घेणे हाच शहाणपणाचा सौदा. वखरणी, पेरणी, कोळपणी ही उथळ कामे मात्र लहान यंत्राच्या आवाक्यातली आहेत, आणि कापूस-ज्वारीवाल्याचा हंगाम याच कामांत अडतो.

हे आपल्यासारख्या माणसाने करून दाखवले आहे. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा आस आणि अवजारांची दांडी बसवली, डिझेल इंजिन लावले आणि पेरणी-कोळपणी सुरू केली. भुईमूग-कापसाचा कोरडवाहू मुलूख, बैल पोसणे अवघड झालेले. 'बुलेट सांती' या नावाने ती सौराष्ट्रात पसरली, भारतात आणि अमेरिकेतही तिला पेटंट मिळाले. मोटारसायकल उघडता आली, म्हणून हे झाले. इंजिनाला संगणकाचे कुलूप असते तर मनसुखभाईंची अक्कल कुलपाबाहेर उभी राहिली असती.

कुलूप लावणे ही आता खरी गोष्ट आहे. अमेरिकेत मोठ्या ट्रॅक्टरांत संगणक आले आणि साधा सेन्सर बदलायलाही कंपनीच्या सॉफ्टवेअरची परवानगी लागू लागली. तिथला शेतकरी गप्प बसला नाही. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांचे सुटे भाग, साधने, पुस्तके आणि सॉफ्टवेअर मालकाला व बाहेरच्या मिस्त्रीला देणे कंपनीवर बंधनकारक झाले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डियरवर याच कारणासाठी खटला भरला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीयंत्रे धरली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल काढले. पोर्टलने माहिती एका जागी येते. पण सुटा भाग दिलाच पाहिजे असे बंधन पोर्टल घालत नाही.

दुसऱ्या बाजूने १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या गोष्टी परवानगीवाचून बदलता येत नाहीत. रस्त्यावरच्या माणसाच्या जिवासाठी हा नियम असू द्या. जुन्या ट्रॅक्टरात दुसरे इंजिन घालायचे तर आधी आरटीओकडे जा, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करील. पण बदल करायला मालकाला परवानगी लागते, आणि कुलूप लावायला कंपनीला कोणाचीच लागत नाही, हा न्याय कुठला?

जिल्हा मेळाव्यात यावर बोलायचे आहे. प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या गावात कोणती यंत्रे केवळ एका सुट्या भागावाचून उभी आहेत? कोणत्या कंपनीचे दुरुस्तीचे पुस्तक मराठीत मिळते आणि कोणाचे मिळत नाही? तालुक्यात इंजिन बांधणारा, लेथवाला, वेल्डर कोण आहे आणि त्याच्या हाताखाली कोणी पोर शिकते आहे का? या याद्या एकत्र झाल्या की मागणी हवेतली राहणार नाही: पुस्तक मराठीत द्या, सुटा भाग तालुक्यात द्या, कुलपाची किल्ली मालकाला द्या.

आणि नवे यंत्र घेताना दुकानात रंग आणि हप्ता बघण्याआधी आपला मिस्त्री सोबत न्या. त्याला बोनेट उघडायला सांगा. तो "हे मी बांधू शकतो" म्हणाला तर सौद्याला बसा. तो मान हलवू लागला तर चहा प्या, रामराम करा आणि पुढच्या दुकानात जा.