अणसूरचं झाड

पुण्याचं एम्प्रेस गार्डन ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही बागप्रेमींची जुनी संस्था सांभाळते. दर जानेवारीत तिथं पुष्पप्रदर्शन भरतं आणि शहर लोटतं. आपल्या सिंधुदुर्गात घरागणिक झाडं असून अशी संस्था का नाही, हा प्रश्न मला पूर्वी पडायचा. आता पडत नाही. आपल्याकडे बाग म्हटली की आंबा, काजू, माड, सुपारी, म्हणजे पोटापाण्याचा विषय. त्यामुळे आपली बागेची संस्थाही वेगळ्या रूपात उभी राहिली. ती वेंगुर्ल्याला आहे: प्रादेशिक फळ संशोधन केंद्र.

केंद्र १९५७ चं. तेव्हा महाराष्ट्र राज्य झालेलं नव्हतं, द्विभाषिक मुंबई राज्य होतं. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढे हे केंद्र विद्यापीठाकडे आलं. कागदावरचा इतिहास एवढाच. खरा इतिहास तिथल्या झाडांच्या वंशावळीत आहे आणि तो आपल्या गावांच्या नावांनी भरलेला आहे.

काजू पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आला आणि कातळावर, वरकस जमिनीत आपसूक रुजला. पण बी पेरून आलेला काजू आईसारखा निघेलच असं नाही. परागीभवन दुसऱ्या झाडावरून होतं, म्हणून शेजारशेजारची दोन झाडं, एक बोंडांनी लगडलेलं तर एक रिकामं. तेव्हा पहिलं काम होतं ते चांगलं झाड हेरण्याचं. वेंगुर्ल्याजवळच्या अणसूर गावचा वाण असा निवडला गेला. संशोधकांच्या नोंदीत तो ‘अणसूर-१’. १९७४ मध्ये तोच ‘वेंगुर्ला-१’ म्हणून शेतकऱ्यांना मिळाला. कलम म्हणजे त्याच झाडाची काडी दुसऱ्या मुळावर वाढवणं. म्हणून जिथं जिथं ‘वेंगुर्ला-१’ उभा आहे, तिथं अणसूरचंच ते झाड उभं आहे.

वेतोरे या गावाचंही तसंच. ‘वेतोरे-५६’ आणि बंगालकडचा ‘मिदनापूर रेड’ यांच्या संकरातून ‘वेंगुर्ला-४’ झाला. अणसूर आणि वेतोरे यांचा संकर ‘वेंगुर्ला-३’. त्याच्याशी तमिळनाडूतल्या वृद्धाचलमचा वाण जुळवून ‘वेंगुर्ला-७’ आला. याची बी सुमारे दहा ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभरेक बिया. ‘एक’ची बी सहा ग्रॅमच्या आसपास. काजू फोडणाऱ्या बाईला हा फरक हाताला कळतो आणि बागायतदाराला भावात कळतो. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली, डोंगर उतारांवर कलमं लागली. आज रोपवाटिकेत गेलं की पहिला प्रश्न येतो, “काकानू, चार होया काय सात?” या आकड्यांमागे दोन गावं आहेत, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. मला याचं वाईट वाटतं.

आंब्याचं काम तर त्याहून चिवट. मोहोरातल्या बारीक फुलावर हातानं पराग लावायचा, शेकडो फुलांमागे एखादं फळ टिकायचं, त्या कोयीचं झाड वाढवायचं आणि ते धरेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं. एवढं करून फळ बेचव निघालं तर पुन्हा पहिल्यापासून. अशा वाटेनं नीलम आणि हापूस यांच्यापासून ‘रत्ना’ झाला. तो १९८१ मध्ये प्रसारित झाला, आपला जिल्हा झाला त्याच वर्षी. हापूसला लागणारा साका, म्हणजे गर आतून बिघडणं, याला नाही आणि हा हापूससारखा वर्षाआड रुसत नाही. पुढे ‘रत्ना’ आणि हापूस यांच्यापासून १९९२ मध्ये ‘सिंधू’ आला, पातळ, नाममात्र कोयीचा.

तरी बाजार नावावर चालतो. पेटीवर ‘हापूस’ लिहिलेलं नसेल तर मुंबईचं गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून ‘रत्ना’ मागे राहिला. यात बागायतदाराचा दोष नाही, त्याला कर्ज फेडायचं असतं. पण घरच्या परसात तरी तो का नसावा?

वेंगुर्ल्यातच डचांची सतराव्या शतकातली वखार आहे. तिच्या पडक्या भिंती बघायला पर्यटक जातात, जायलाही हवं. केंद्रातल्या मातृवृक्षांकडे मात्र शाळेच्या सहली क्वचित वळतात. अणसूर आणि वेतोरे इथल्या ग्रामपंचायतींनी शाळेच्या आवारात आपल्या गावच्या वंशाची चार कलमं लावावीत, प्रत्येकाखाली आईबापांच्या नावांची पाटी ठेवावी. खर्च फार नाही. आणि यंदा पावसाच्या तोंडावर कलमं घ्यायला जाल तेव्हा हापूसबरोबर ‘रत्ना’चंही एक मागून घ्या. ज्या वर्षी हापूस पालवीवर जातो, त्या वर्षी घरातल्या पोरांना आंबा मिळेल.