चूक डावीकडे होती

गणपती चार दिवसांवर आले होते आणि आमचं आरतीचं ॲप चालता चालता मरत होतं.

ॲप तसं साधंच. आजीला आरतीच्या पुस्तकातली बारीक अक्षरं आता दिसत नाहीत, म्हणून आजोबांच्या वहीतल्या तेवीस आरत्या मोठ्या अक्षरांत तिच्या आयपॅडवर आणायच्या. टायपिंग माझ्या मावसभावाचं, कोड माझा. यादी छान दिसायची. आरतीच्या नावावर बोट ठेवलं, की ॲप बंद!

एक्सकोड बोट दाखवत होतं ते एकाच ओळीकडे. डावीकडे लेबल, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे आरतीचा मजकूर. निरोप असा, की असायला हवं तिथे 'निल' सापडलं. निल म्हणजे काहीच नाही. मी लगेच भावाला फोन लावला. "अरे, टाइप करताना लक्ष कुठे होतं तुझं? मजकूर रिकामा राहिलाय."

"ताई, मी दोनदा तपासलंय."

"मग तिसऱ्यांदा तपास."

बिचारा रात्री दीडपर्यंत वही घेऊन बसला. अकरावीतला मुलगा, दुसऱ्या दिवशी त्याची चाचणी होती. खरं तर एखाद्या आरतीचा मजकूर राहिला असता तर तेवढीच आरती बिघडली असती. इथे तेवीसच्या तेवीस उघडत नव्हत्या. पण हे सुचायला सकाळ उजाडावी लागली.

सकाळी मी त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला आणि दोन्ही बाजू छापून बघितल्या. उजवीकडे अख्खी आरती, कानामात्रेसकट. डावीकडे निल. म्हणजे लेबलच जागेवर नव्हतं! आणि लेबलला मजकूर म्हणून निल दिलं तरी ॲप मरत नाही, नुसती कोरी जागा दिसते. हे मला माहीत होतं, तरी रात्री आठवलं नाही. निरोपात 'इम्प्लिसिटली' असा शब्दही होता, तो मी वाचलाच नव्हता. स्टोरीबोर्डवरच्या लेबलाचं आउटलेट आपण कोडमध्ये उद्गारचिन्ह देऊन लिहितो. 'वापरायच्या वेळी हे असेलच' असा शब्दच तो, आपण स्विफ्टला दिलेला. तो मी मोडला होता.

कसा? आदल्या दिवशी मी सेग्वे काढून आरतीचा पडदा कोडमधून उघडायला घेतला होता. व्ह्यू कंट्रोलरच्या क्लासचं नाव आणि पुढे रिकामे कंस. कंपायलरची काही तक्रार नाही. पण या ओळीचा स्टोरीबोर्डशी संबंधच येत नाही. दारावर पाटी आपलीच, आत मात्र घर रिकामं. मांडलेलं सामान हवं तर स्टोरीबोर्डवर त्या पडद्याला ओळखीचं नाव द्यायचं आणि त्या नावाने तो स्टोरीबोर्डकडूनच मागून घ्यायचा.

तसं केलं, आरती उघडली. मग हुशारी सुचली. अक्षरांचा आकार यादीच्या पडद्यावरूनच त्या लेबलला लावून टाकू! परत तेच निल. कारण स्टोरीबोर्डमधून आणलेल्या कंट्रोलरचा व्ह्यूसुद्धा पहिल्यांदा गरज पडेल तेव्हाच तयार होतो; तोवर आउटलेटं रिकामीच. म्हणून आकार एका साध्या व्हेरिएबलमध्ये पुढे पाठवला आणि लेबलला लावायचं काम व्ह्यू-डिड-लोडमध्ये केलं. या वेळी फोन कुणालाच केला नाही.

संध्याकाळी मावशीकडे गेले, भावाची माफी मागितली. त्याने वही पुढे सरकवली. तेवीस आरत्यांत त्याला एकच चूक सापडली होती, तीही आजोबांची; एका कडव्यात शब्द उलटसुलट झाले होते. दुरुस्त करू का, म्हणून आजीला विचारलं.

"राहू दे," आजी म्हणाली. "आपल्या घरात तसंच म्हणतात."